विश्लेषण : अमेरिकेतील घराला हिरवी ‘साइडिंग’ लावायची आहे? रंग ठरवण्याआधी काय तपासावे?

न्यू जर्सीत किंवा नॉर्थ कॅरोलिनात घर घेतलेल्या मुलाकडे पहिल्यांदा गेलेले आई-वडील घराच्या बाहेरच्या भिंतीवर टकटक करून पाहतात आणि चकित होतात. आवाज पोकळ येतो. ‘भिंत प्लास्टिकची आहे की काय?’ हा प्रश्न मग ठरलेलाच. भिंतीवरची ती आडव्या पट्ट्यांची कातडी म्हणजे साइडिंग. ती जुनी झाली, गारपिटीने फुटली किंवा उन्हाने विटली की बदलावी लागते आणि त्याच वेळी रंगाचा प्रश्न उभा राहतो. पांढऱ्या, राखाडी आणि फिकट पिवळसर घरांच्या रांगेत आपले घर हिरवे असावे असे अनेकांना वाटते. मात्र हा निर्णय दिवाणखान्याची भिंत रंगवण्यासारखा नाही. चूक झाली तर पुढच्या सुट्टीत दुसरा रंग मारून मोकळे होता येत नाही. छप्पर, ऊन, साइडिंगचा प्रकार, वसाहतीचे नियम आणि घराचे वय या पाच गोष्टी आधी तपासाव्या लागतात. हिरव्याची छटा कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

साइडिंग म्हणजे नेमके काय?

अमेरिका आणि कॅनडातील बहुतांश स्वतंत्र घरे लाकडी सांगाड्याची असतात. उभ्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर प्लायवूडसारखे तक्ते ठोकतात. त्यावर पाणी अडवणारा पातळ पडदा ताणून बसवतात आणि सर्वात बाहेर साइडिंग येते. पूर्वी ती लाकडी फळ्यांची असे. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर थोडी चढवलेली, कौलांसारखी. पावसाचे पाणी फळीवरून फळीवर घरंगळत खाली जावे हा त्यामागचा हेतू. न्यू इंग्लंडमधील जुन्या घरांवर ही पद्धत आजही दिसते.

साइडिंग हा घराचा रेनकोट आहे, पण तो पूर्ण जलरोधक नाही. सांध्यांतून थोडे पाणी आत शिरणार हे गृहीत धरलेले असते. ते पाणी अडवण्याचे खरे काम आतल्या पडद्याचे आणि खिडक्या-दारांभोवती बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचे. त्यामुळे साइडिंग बदलताना रंगाचे नमुने पाहण्यात सगळा वेळ घालवू नये. जुनी साइडिंग काढल्यावर आतले लाकूड कुजले आहे का, पडदा फाटला आहे का, हे कंत्राटदाराकडून दाखवून घ्यावे. त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. नवी साइडिंग चढल्यावर आतली कूज वर्षानुवर्षे दिसत नाही.

कोणकोणत्या प्रकारची साइडिंग मिळते?

सर्वात परिचित प्रकार व्हायनिलचा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला आणि त्याआधी लोकप्रिय झालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या साइडिंगची जागा त्याने हळूहळू घेतली. स्वस्त, हलका आणि रंगवण्याची गरज नसलेला, हे त्याचे गुण. अमेरिकेच्या जनगणना विभागाकडून नव्या घरांच्या बांधकामाची जी आकडेवारी प्रसिद्ध होते, तीनुसार अलीकडच्या काही वर्षांत नव्या स्वतंत्र घरांमध्ये स्टको, म्हणजे बाहेरचा गिलावा, आणि व्हायनिल यांचा वाटा प्रत्येकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. फायबर सिमेंट त्यांच्या मागोमाग आहे. ईशान्येकडील राज्यांत मात्र अजूनही व्हायनिलचेच राज्य आहे.

फायबर सिमेंट म्हणजे सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू एकत्र दाबून केलेल्या फळ्या. त्या जड असतात, बसवायला कुशल हात लागतात आणि खर्चही जास्त येतो. पण त्या पेट घेत नाहीत, उन्हाने वाकत नाहीत आणि रंग धरून ठेवतात. तिसरा प्रकार खऱ्या लाकडाचा, विशेषतः देवदाराच्या जातीच्या लाकडाचा. तो दिसायला सुंदर, पण काही वर्षांनी पुन्हा रंग किंवा तेल मागणारा. लाकडाचा भुसा आणि राळ दाबून केलेल्या तक्त्यांची साइडिंग हा चौथा पर्याय.

रंगाच्या दृष्टीने यांत मोठा फरक आहे. लाकूड आणि फायबर सिमेंटवर रंग वरून बसतो, म्हणून तो बदलता येतो. व्हायनिलमध्ये रंग सामग्रीतच मिसळलेला असतो. ओरखडा उठला तरी आतून पांढरे दिसत नाही, हा त्याचा फायदा. पण दहा वर्षांनी कंटाळा आला तर पर्याय मोजकेच उरतात, हा तोटा.

हिरवा रंग घरांवर आला कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील चांगल्या घराचे चित्र ठरलेले होते : भिंती पांढऱ्या आणि खिडक्यांच्या झडपा हिरव्या. हिरवा होता, पण किनारीपुरता. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील ‘ग्रीन गेबल्स’ हे घर याचे जगप्रसिद्ध उदाहरण. लूसी मॉड माँटगोमेरी यांच्या १९०८ च्या कादंबरीमुळे ते सर्वांना ठाऊक झाले. नावात हिरवा असला तरी त्या घराच्या भिंती पांढऱ्याच आहेत.

त्या काळातील काही हिरवे रंग घातकही होते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिकपासून झगझगीत हिरवा रंग तयार केला. पुढे १८१४ च्या सुमारास त्याहून टिकाऊ असा ‘पॅरिस ग्रीन’ आला. तोही आर्सेनिकचाच. वॉलपेपर आणि तैलरंगांत वापरलेला हा रंग इतका विषारी होता, की १८६० च्या दशकात अमेरिकी शेतकरी तो बटाट्यावरील किडे मारण्यासाठी फवारू लागले. आजच्या हिरव्या रंगांत आर्सेनिक नसते. क्रोमियम ऑक्साइड किंवा १९३० च्या दशकात आलेले थॅलोसायनाइन ही त्यातील नेहमीची रंगद्रव्ये, आणि दोन्ही उन्हात टिकाऊ मानली जातात.

पूर्ण भिंतच हिरवी करण्याची आवड रुजली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, ‘क्राफ्ट्समन’ शैलीच्या बंगल्यांबरोबर. घराने आजूबाजूच्या झाडांशी आणि मातीशी जुळवून घ्यावे, असा त्या शैलीचा आग्रह होता. शेवाळी, मेंदीसारखे, तपकिरीकडे झुकणारे हिरवे रंग तेव्हा लोकप्रिय झाले. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील ‘गॅम्बल हाउस’ हे त्यातील अजोड उदाहरण. ‘ग्रीन अँड ग्रीन’ या वास्तुकार बंधूंनी १९०८ मध्ये रचलेल्या या घराच्या लाकडी चिपांच्या भिंतींना हिरवट झाक दिलेली आहे. ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ च्या चित्रपटात डॉक ब्राऊनचे १९५५ मधील घर म्हणून दिसते ते हेच.

दुकानातला हिरवा घरावर वेगळा का दिसतो?

नमुन्याची पट्टी तळहाताएवढी असते आणि भिंत हजार-बाराशे चौरस फुटांची. मोकळ्या उजेडात आणि मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग अधिक फिकट आणि अधिक भडक दिसतो. दुकानात सौम्य पिस्ता वाटलेला रंग घरावर चढला की थेट पोपटी दिसू शकतो. म्हणूनच बाहेरच्या भिंतीसाठी नमुन्यात थोडा मळकट, राखाडी वाटणारा हिरवा निवडावा, असा जाणकारांचा सल्ला असतो. बाजारात ‘सेज’ नावाने मिळणाऱ्या राखाडी-हिरव्या छटा इतक्या खपतात त्यामागचे एक कारण हेच.

दुसरा मुद्दा दिशेचा. उत्तर गोलार्धात घराच्या उत्तरेकडील भिंतीवर थेट ऊन फारसे येत नाही. तिथला उजेड निळसर, थंड असतो. त्यात निळ्याकडे झुकणारा हिरवा उदास दिसू शकतो. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर पिवळसर ऊन पडते आणि तिथे मेंदीसारखा हिरवा खुलतो. घराचा दर्शनी भाग कोणत्या दिशेला आहे, हे छटा ठरवण्याआधी पाहायला हवे.

तिसरा मुद्दा शेजारचा. समोर मोठी हिरवळ आणि मागे दाट झाडी असेल तर मध्यम हिरवे घर उन्हाळ्यात त्यात हरवून जाते आणि हिवाळ्यात पाने गळाली की एकदम उठून दिसते. झाडांच्या हिरव्याशी स्पर्धा करणारा रंग घेऊ नये. त्यापेक्षा बराच गडद किंवा बराच फिकट घ्यावा.

गडद हिरव्या रंगाला उष्णतेचा धोका का असतो?

दाट जंगलासारखा किंवा बाटलीसारखा गडद हिरवा रंग सध्या जास्त मागितला जातो. अडचण अशी की गडद रंग अधिक ऊन शोषतो आणि व्हायनिल तापले की प्रसरण पावते. सुमारे १२ फुटांची पट्टी कडाक्याच्या थंडीपासून भर उन्हाळ्यापर्यंत अर्ध्या इंचाच्या आसपास लहान-मोठी होऊ शकते. म्हणून व्हायनिलची पट्टी भिंतीला घट्ट ठोकत नाहीत. लांबट खाचेच्या मध्यावर खिळा मारून त्याच्या डोक्याखाली सुमारे एक मिलिमीटर मोकळीक ठेवतात. पट्टी एका अर्थी टांगलेली असते. ती हाताने डावी-उजवीकडे किंचित सरकली पाहिजे. घट्ट ठोकलेली गडद पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात लाटांसारखी फुगते.

साधारण १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियसच्या आसपास व्हायनिल मऊ पडू लागते. नुसत्या उन्हाने सहसा तेवढी वेळ येत नाही. मात्र शेजारच्या घराच्या ऊर्जाबचत करणाऱ्या दुहेरी काचांवरून परावर्तित झालेले ऊन एका ठिकाणी एकवटले, तर तिथली साइडिंग वितळल्यासारखी वाकल्याची उदाहरणे अमेरिकेत अनेक आहेत. दोन घरांमध्ये अंतर कमी असेल तर ही शक्यता आधी तपासावी. भिंतीला खेटून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी हे साइडिंग वितळण्याचे आणखी एक नेहमीचे कारण. दिवाळीत भिंतीच्या कडेने पणत्यांची रांग लावणाऱ्या मराठी घरांनीही हे लक्षात ठेवलेले बरे. पणत्या पायऱ्यांवर किंवा अंगणात लावाव्यात.

आधीची फिकट व्हायनिल साइडिंग गडद हिरव्या रंगाने रंगवणे हा तर आणखी धोक्याचा मार्ग. रंगाचा उजेड परावर्तित करण्याचा गुण ० ते १०० या मापावर मोजतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. व्हायनिलवर मूळ रंगापेक्षा गडद रंग देऊ नये, हा जुना नियम. आता काही कंपन्या व्हायनिलसाठी खास तयार केलेले गडद रंगही विकतात. तरीही रंग दिल्यावर साइडिंगच्या हमीचे काय होते, हे उत्पादकाच्या कागदांत वाचूनच पुढे जावे. अनेकदा हमी संपुष्टात येते. गडद हिरवा हवाच असेल तर मुळातच त्या रंगात आलेली चांगल्या प्रतीची व्हायनिल किंवा सरळ फायबर सिमेंट घेणे शहाणपणाचे.

हिरव्यासोबत काय शोभते?

सुरुवात छपरापासून करावी. डांबरी शिंगल्सचे छप्पर वीसेक वर्षे टिकते. साइडिंगसाठी कोणी ते बदलत नाही. छप्पर तपकिरी असेल तर पिवळ्याकडे झुकणारे हिरवे, म्हणजे मेंदी, शेवाळी, ऑलिव्ह जुळतात. छप्पर राखाडी किंवा कोळशासारखे असेल तर राखाडी-हिरवा किंवा निळसर गडद हिरवा बरा दिसतो. दर्शनी भागात लाल विटा असतील तर पुदिन्यासारखा उजळ हिरवा टाळावा. तिथे गडद, मळकट हिरवाच शोभतो, कारण लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग शेजारी आले की दोघेही अधिक भडक भासतात.

त्यानंतर किनारीचा रंग : खिडक्यांच्या चौकटी, कोपऱ्यांच्या पट्ट्या, वळचणीची फळी. फिकट हिरव्याला स्वच्छ पांढरी किनार नीटस दिसते. मेंदी रंगाला दुधाळ किंवा साईसारखा रंग अधिक जुळतो, कारण शुभ्र पांढरा तिथे टोचतो. गडद हिरव्यासोबत काळ्या चौकटी आणि मूळ लाकडाच्या रंगाचे दार ही सध्याची आवडती जोडी. दाराला मोहरीसारखा पिवळा किंवा विटकरी रंगही चालतो. भडक लाल दार मात्र जपून निवडावे. हिरव्या घराला लाल दार म्हटले की अमेरिकेत लोकांना वर्षभर नाताळच दिसतो.

भिंत, किनार आणि दार असे तीन रंग पुरेत. चौथा आला की घर विस्कळीत दिसते. छपराच्या कडेच्या पन्हळी किनारीच्या रंगाच्या घ्याव्यात आणि उभे पाइप भिंतीच्या रंगाचे. हिरव्या भिंतीवरून उतरणारा पांढरा पाइप दुरूनही आधी डोळ्यांत भरतो. बाहेरचे दिवे, नळ, ड्रायरचा वाफ बाहेर टाकणारा झरोका यांच्या मागे बसवायचे चौकोनी ठोकळेही साइडिंगच्या रंगात मिळतात. ते कंत्राटात आधीच लिहून घ्यावेत, नाहीतर पांढरे बसतात.

खिडक्यांना शोभेच्या झडपा लावायच्या असतील तर प्रत्येक झडप खिडकीच्या निम्म्या रुंदीची हवी. बंद केल्यास खिडकी झाकली जाईल असे वाटले पाहिजे. रुंद खिडकीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या अरुंद झडपा खोट्या दिसतात.

सणाची सजावट हिरव्या भिंतीवर फार खुलते. झेंडूचे तोरण आणि केशरी आकाशकंदील पांढऱ्या भिंतीपेक्षा तिथे अधिक उठून दिसतात. पण व्हायनिलला खिळा ठोकू नये. दोन पट्ट्यांच्या सांध्यात सरकवून अडकवता येणारे छोटे धातूचे आकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्यांनी भोक न पाडता तोरण किंवा दिव्यांची माळ लावता येते.

परवानगी कोणाची लागते?

अनेक वसाहतींत घरमालकांची संघटना असते आणि घर विकत घेताना तिचे नियम मान्य केल्याची सही आपण दिलेली असते. बाहेरचा रंग बदलण्याआधी या संघटनेच्या समितीकडे अर्ज, रंगाचा क्रमांक आणि नमुना द्यावा लागतो. मंजूर रंगांची ठरलेली यादीही अनेक ठिकाणी असते. परवानगीविना काम केले तर दंड होऊ शकतो आणि पुन्हा आधीसारखे करून देण्याचा आदेशही निघू शकतो. एकमेकांना चिकटलेल्या टाउनहाउसमध्ये आणि कॉन्डोत तर बाहेरची भिंत बहुधा संघटनेच्या अखत्यारीत असते. तिथे एकट्याने रंग ठरवण्याचा प्रश्नच येत नाही.

घर ऐतिहासिक म्हणून जाहीर झालेल्या भागात असेल तर स्थानिक आयोगाची मंजुरी लागू शकते. नियम गावोगावी वेगळे असतात. काही ठिकाणी रंगावर बंधन नसते, पण लाकडी साइडिंग काढून व्हायनिल लावायला मनाई असते. याशिवाय नगरपालिकेचा बांधकाम परवाना लागतो का, हेही विचारून घ्यावे. सगळी उत्तरे तोंडी न घेता ई-मेलवर घ्यावीत. संघटनेच्या समितीतील माणसे दरवर्षी बदलतात. कागद मात्र राहतो.

जुन्या घरांत कोणती काळजी घ्यावी?

अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधी बांधलेल्या घराच्या बाहेरच्या लाकडावर शिशाचा रंग असू शकतो, आणि नंतर चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियम किंवा व्हायनिलखाली तो अजूनही असू शकतो. जुनी साइडिंग उपटताना किंवा लाकूड घासताना त्याची धूळ अंगणाच्या मातीत पडते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो. मुले त्याच मातीत खेळतात, आणि कढीपत्त्याची किंवा मिरचीची कुंडीही तिथेच असते.

म्हणूनच २०१० पासून लागू असलेल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमानुसार, १९७८ पूर्वीच्या घरात बाहेरच्या बाजूचा २० चौरस फुटांपेक्षा अधिक रंगीत पृष्ठभाग उकरणाऱ्या कंत्राटदाराकडे शिशाविषयीचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. ते मागून पाहावे. साध्या लाकडी फळीसारख्या न दिसणाऱ्या, ठिसूळ, करड्या सिमेंटच्या चौकोनी चिपा जुन्या घरावर असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्या स्वतः फोडू किंवा घासू नयेत. आधी तपासणी करून घ्यावी. बाजारभावापेक्षा खूप कमी दर सांगणारा कंत्राटदार नेमका याच दोन गोष्टींत बचत करत नाही ना, हे पाहावे.

खर्च किती येतो? रंगवावे की बदलावे?

अमेरिकेतील ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ हा वार्षिक अहवाल यासाठी नेहमी पाहिला जातो. १,२५० चौरस फुटांची साइडिंग बदलण्याचा २०२४ मधील देशव्यापी सरासरी खर्च त्यात व्हायनिलसाठी सुमारे १७ हजार, तर फायबर सिमेंटसाठी सुमारे २१ हजार डॉलरच्या घरात आहे. घर विकताना यातील बराचसा पैसा परत मिळतो असे हा अहवाल सांगतो. प्रत्यक्ष दर राज्य, घराची उंची आणि आतल्या दुरुस्तीनुसार बदलतात. त्यामुळे किमान तीन ठिकाणचे लेखी दर घ्यावेत. त्यात जुनी साइडिंग काढणे, तिची विल्हेवाट, आतला पडदा आणि कुजलेल्या लाकडाचा दर वेगवेगळा लिहिलेला असावा.

लाकूड किंवा फायबर सिमेंट सुस्थितीत असेल तर नुसते रंगवणे पुरते आणि खर्चही पुष्कळच कमी येतो. व्हायनिल ठिसूळ झाले असेल, पट्ट्या सुटत असतील, आतल्या भिंतीला ओल येत असेल तर रंगाचा खर्च वाया जातो.

पाच-सात वर्षांत घर विकण्याचा विचार असेल तर पोपटी किंवा मोरपंखीच्या मोहात न पडता सौम्य राखाडी-हिरवा निवडणे व्यवहार्य ठरते. गडद हिरव्याची हौस दारावर भागवता येते. दार एका दिवसात पुन्हा रंगवता येते.

देखभाल कशी करावी?

गंमत अशी की लक्ष दिले नाही तर पांढरे घरही आपोआप हिरवे होते. उत्तरेच्या, सावलीतल्या आणि झाडांनी झाकलेल्या भिंतीवर शेवाळाचा थर चढतो. हिरव्या साइडिंगवर तो लवकर लक्षात येत नाही, एवढेच. वर्षातून एकदा सौम्य धुलाई पुरते. ७० टक्के पाणी आणि ३० टक्के पांढरे व्हिनेगर हे मिश्रण व्हायनिल उत्पादकांची संघटनाच सुचवते. मऊ ब्रशने खालून वर घासत जावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र वापरायचेच असेल तर पाणी समोरून सरळ मारावे. खालून वर मारले तर ते पट्ट्यांच्या आत शिरते. झुडपे भिंतीपासून दोनेक फूट दूर लावावीत, म्हणजे हवा खेळती राहते.

काम पूर्ण झाल्यावर त्याच साइडिंगची एक पेटी तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवावी. दहा वर्षांनी गारपिटीत दोन पट्ट्या फुटल्या आणि कंपनीने ती छटा बंद केली असेल, तर तिच्याशी जुळणारा हिरवा मिळणे अवघड असते. विमा कंपनी फक्त फुटलेल्या भागाचे पैसे देते की पूर्ण भिंतीचे, हेही पॉलिसीत आधीच पाहून ठेवावे.

महाराष्ट्रात अशी साइडिंग लावता येईल का?

अमेरिकेहून परतल्यावर गावच्या बंगल्यासाठी हा प्रश्न अनेक जण विचारतात. आपल्याकडची भिंत विटांची, चिऱ्याची किंवा काँक्रीटची असते. तिला पावसापासून वाचवण्याचे काम गिलावा आणि रंग करतात. त्यामुळे साइडिंगची रचनात्मक गरज नसते. शोभेसाठी मात्र बंगल्यांच्या दर्शनी भागावर फायबर सिमेंटच्या फळ्या, लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र पट्ट्या किंवा लॅमिनेटचे तक्ते लावले जातात. कोकण आणि गोव्यासारख्या प्रचंड पावसाच्या भागात असे आवरण लावताना मागे हवा खेळण्यापुरती जागा सोडावी लागते. नाहीतर भिंत आणि फळी यांच्यामध्ये ओल साचते आणि किडे-पाली घर करतात. भिंतीत आधीच गळती असेल तर ती फळ्यांनी झाकू नये. आधी गळती काढावी.

आगीचा विचारही दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ मधील आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. ती आग इतक्या वेगाने पसरण्यात इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणाचा मोठा वाटा होता. कॅलिफोर्नियातही वणव्याच्या पट्ट्यातील नव्या घरांच्या बाहेरच्या आवरणासाठी आगरोधक सामग्रीचे नियम २००८ पासून लागू आहेत. कुठल्याही आवरणाचा रंग पाहण्याआधी ते पेट घेते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

शेवटचा निर्णय कसा घ्यावा?

दोन किंवा तीन छटांच्याच पट्ट्या मागवाव्यात, शक्यतो दोन-तीन फूट लांबीच्या. छापील पुस्तिकेवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर विसंबू नये. प्रत्येक पडदा हिरवा वेगळा दाखवतो. पट्ट्या छपराच्या शेजारी दिसतील अशा ठिकाणी, आधी समोरच्या आणि मग उत्तरेच्या भिंतीवर टेकवून ठेवाव्यात. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी त्या रस्त्याच्या पलीकडून पाहाव्यात. एक ढगाळ दिवसही त्यात यावा. आठवडाभर असे पाहिल्यावर दोन छटा सहसा आपोआप बाद होतात. उरलेल्या छटेचा क्रमांक घेऊन संघटनेची लेखी परवानगी मिळवावी. आगाऊ रक्कम कंत्राटदाराच्या हातात ठेवायची ती त्यानंतरच.